विश्लेषण : बॉलची एकच बाजू का घासतात? श्रीरामपूरच्या झहीरचा 'रिव्हर्स' आणि सँडपेपरचा गुन्हा

तिसगाव (ता. पाथर्डी) : सुगी उरकली, रानं मोकळी झाली की नगर जिल्ह्यात गावोगाव क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. बहुतेक ठिकाणी टेनिस बॉल असतो. कुणाच्या तरी खिशात इलेक्ट्रिकच्या कामाची काळी किंवा लाल चिकटपट्टीही असते. बॉलच्या अर्ध्या भागावर ती गुंडाळली की सरळ जाणारा तोच बॉल हवेत वाकू लागतो. धाव तीच, मनगट तेच. बदललेला असतो फक्त बॉलचा पृष्ठभाग.

हीच करामत लेदर बॉलवर करून याच जिल्ह्यातल्या एका गोलंदाजानं कसोटीत ३११ बळी घेतले. हीच करामत चुकीच्या पद्धतीनं करायला गेल्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराला वर्षभर घरी बसावं लागलं. पँटवर बॉल घासलेला चालतो, मग सँडपेपरनं घासला तर एवढा गहजब का? उत्तरासाठी आधी हवेचा खेळ समजून घ्यावा लागतो.

हवा बॉलला ढकलते कशी?

धावत्या बॉलला हवेचा एक पातळ थर चिकटून वाहत असतो. बॉलच्या मागच्या बाजूला कुठेतरी हा थर सुटतो. दोन्ही बाजूंनी तो सारख्याच ठिकाणी सुटला तर बॉल सरळ जातो. एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा सुटला, तर बॉलमागची हवा एका अंगाला फेकली जाते आणि बॉल उलट अंगाला सरकतो. स्विंग म्हणतात तो हाच.

थर कधी सुटणार हे पृष्ठभाग ठरवतो. गुळगुळीत बाजूवर हवा शांतपणे वाहते, पण अशा थरात जोर कमी असतो, म्हणून तो लवकर सुटतो. खरखरीत बाजूवर किंवा उंच शिवणीला अडखळून हवा खवळते. खवळलेल्या थरात जास्त जोर असतो, तो बॉलला जास्त वेळ चिकटून राहतो. गुळगुळीत म्हणजे चांगलं, असं आपल्याला वाटतं. इथे उलट आहे.

म्हणून नव्या बॉलची शिवण स्लिपकडे तिरकी धरली की बॉल स्लिपकडे जातो. शिवणीच्या बाजूची हवा खवळते, दुसऱ्या चकचकीत बाजूची शांत राहते. काही षटकांनंतर बॉल झिजायला लागतो. तेव्हा एक बाजू घासून चकचकीत ठेवायची आणि दुसरी झिजू द्यायची, म्हणजे हा फरक टिकतो. क्षेत्ररक्षक दिवसभर पँटवर बॉल घासतात ते यासाठी.

१९८३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात रवींद्र मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉलच्या स्विंगवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ताशी सुमारे ११० किलोमीटर वेग आणि २० अंशांत तिरकी शिवण असताना स्विंग सर्वाधिक मिळतो, असं त्यात दिसलं. ११० म्हणजे मध्यमगती गोलंदाज. शोएब अख्तरसारखा वेग नाही म्हणून हिरमुसणाऱ्या पोरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग 'रिव्हर्स' म्हणजे काय?

वेग बराच वाढला की दोन्ही बाजूंची हवा शिवणीपर्यंत पोहोचण्याआधीच खवळलेली असते. आता शिवण मदत करत नाही, आड येते. तिच्यावरून उडी मारताना तिथला थर जाड आणि कमजोर होतो आणि लवकर सुटतो. परिणामी बॉल शिवणीच्या उलट दिशेला वळतो. फलंदाज बाहेर जाणाऱ्या बॉलसाठी बॅट लावतो आणि बॉल आत शिरून यष्टी घेऊन जातो.

नव्या बॉलला हे करायला लावायचं तर फार वेग लागतो, साधारण ताशी १३५ ते १४५ किलोमीटर. पण खरखरीत पृष्ठभागावर हवा लवकर खवळते, त्यामुळे झिजलेल्या बॉलला तेवढा वेग लागत नाही. 'जुना झाला, आता काही होत नाही' असं वाटणारा बॉल ४० षटकांनंतर अचानक धोकादायक होतो, त्याचं कारण हे.

ही कला जगाला दाखवली पाकिस्ताननं. सरफराज नवाझनं १९७९ मध्ये मेलबर्नला ३३ चेंडूंत एका धावेत ७ बळी घेतले आणि डावात ८६ धावांत ९. त्याच्याकडून ती इम्रान खानकडे आणि पुढे वसीम अक्रम, वकार युनूस यांच्याकडे गेली. इंग्लंडमध्ये सुरुवातीला तिच्याकडे संशयानंच पाहिलं गेलं. नंतर इंग्लंडचेच गोलंदाज तिच्यात तरबेज झाले आणि मग ती 'कला' ठरली, हेही खरं.

श्रीरामपूरचा डावखुरा

झहीर खानचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा, श्रीरामपूरचा. मेकॅनिकल इंजिनीअरिंगची वाट सोडून तो मुंबईत क्रिकेटसाठी आला, माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळला आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला. नोव्हेंबर २००० मध्ये ढाक्यात कसोटी पदार्पण केलं. ९२ कसोटींत ३११ बळी आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२. कसोटीत भारताच्या वेगवान गोलंदाजांमध्ये कपिल देव यांच्या ४३४ बळींनंतर ३११ वर झहीर आणि इशांत शर्मा बरोबरीनं आहेत.

सुरुवातीचा झहीर वेगावर विसंबायचा. २००६ चा हंगाम तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळला आणि परतल्यावर वेगळाच गोलंदाज दिसला. धाव आखूड केली, वेग थोडा कमी झाला, पण बॉलवरचा ताबा वाढला. जुना बॉल हातात आला की धावताना तो दुसऱ्या हातानं झाकायचा. कारण सोपं आहे. चकचकीत बाजू कुठे आहे हे फलंदाजाला दिसलं, तर बॉल कुठे वळणार याचा अंदाज त्याला आधीच येतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये मोहालीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या डावात त्यानं ९४ धावांत ५ बळी घेतले, त्यात जुन्या बॉलचा वाटा मोठा होता. तो सामना भारतानं एका गड्यानं जिंकला. पुढच्या वर्षी विश्वचषकात २१ बळी घेऊन तो शाहिद आफ्रिदीसह पहिल्या क्रमांकावर राहिला.

मात्र रिव्हर्स हे एकट्या गोलंदाजाचं काम नाही. एक बाजू घासणारे, दुसरीला घाम लागू न देणारे, बॉल नीट जपून परत देणारे दहा जण लागतात. खरखरीत बाजू ओली झाली की खेळ संपला. त्यामुळे ज्याच्या तळहाताला घाम जास्त, त्याच्याकडे बॉल कमीत कमी जावा याचीही संघ काळजी घेतात.

जिथे सँडपेपर रोजचं हत्यार आहे

आता थोडं क्रिकेटबाहेर. मॉलमध्ये दहा पिना पाडायचा बोलिंगचा खेळ अनेकांनी पाहिला असेल. त्यातले मुरलेले खेळाडू बॉल सरळ टाकत नाहीत. तो शेवटी वळून पिनांत घुसेल असा टाकतात. या वळणाला हुक म्हणतात आणि तोही पृष्ठभागावर अवलंबून असतो. फरक एवढाच की तिथे हवा नाही, लाकडी किंवा सिंथेटिक पट्टीशी होणारं घर्षण काम करतं.

पट्टी ६० फूट लांब. तिच्या पहिल्या भागावर, साधारण ४० फुटांपर्यंत, तेल लावलेलं असतं. चकचकीत बॉल तेलावरून घसरत लांब जातो आणि शेवटी झटकन वळतो. घासून खरखरीत केलेला बॉल तेलातही पकड घेतो आणि लवकर वळू लागतो. म्हणून खेळाडू ५०० पासून ४००० नंबरापर्यंतच्या घासण्याच्या गोल चकत्या बाळगतात. नंबर लहान तितकी चकती खरखरीत. आज पट्टीवर तेल जास्त आहे, मग १००० नं घासू, असा हिशेब असतो. क्रिकेटचा बॉल वापरून खरखरीत होतो, हा बॉल वापरून गुळगुळीत होतो आणि तेलही शोषतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा घासावा लागतो.

म्हणजे एका खेळात सँडपेपर किटबॅगेतली साधी वस्तू आहे, दुसऱ्यात तो गुन्हा आहे. पण बोलिंगमध्येही मोकळीक सामन्याआधीचीच. अमेरिकेतल्या अधिकृत स्पर्धांत खेळ सुरू झाल्यावर बॉल घासायला मनाई आहे आणि २०१९ च्या हंगामापासून तर खेळताना फक्त कोरड्या फडक्यानंच पुसता येतो. तिथे प्रत्येकाचा बॉल स्वतःचा, आधी तयार केलेला. क्रिकेटमध्ये दोन्ही संघ एका सामन्यात तसाच बॉल वापरतात आणि तो खेळातूनच जुना व्हावा अशी अपेक्षा असते.

काय चालतं, काय चालत नाही?

क्रिकेटचा ४१.३ हा नियम थोडक्यात असा : बॉल कपड्यावर घासून चमकवता येतो, मात्र बाहेरचा कोणताही पदार्थ लावता येत नाही आणि वेळ काढता येत नाही. ओला बॉल पंचांनी मान्य केलेल्या कापडानं पुसता येतो. चिखल काढायचा तर पंचांच्या देखरेखीखाली. नख, दात, माती, चेन, बाटलीचं झाकण काहीही चालत नाही. मुद्दाम जमिनीवर आपटून बॉल खरखरीत करणाऱ्यालाही पंच रोखतात. उल्लंघन झालं तर बॉल बदलून समोरच्या संघाला ५ धावा मिळतात.

चिखलाच्या नियमाचा फटका मराठी वाचकांच्या चांगलाच लक्षात असेल. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सचिन तेंडुलकर शिवणीत अडकलेला कचरा काढताना कॅमेऱ्यात दिसला. पंचांना न सांगता ते केल्याबद्दल सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्याला एका सामन्याची स्थगित बंदी सुनावली. प्रकरण संसदेपर्यंत गेलं आणि पुढच्या सेंच्युरियनच्या सामन्याचा कसोटी दर्जाच गेला. बॉल बिघडवणं आणि न सांगता साफ करणं यातला फरक तेव्हाच्या गदारोळात हरवला, हे आज शांतपणे वाचताना स्पष्ट दिसतं.

मार्च २०१८ मध्ये केपटाउनला मात्र शंकेला जागा नव्हती. कॅमेरॉन बॅनक्रॉफ्टनं सँडपेपरचा पिवळा तुकडा पँटमध्ये लपवला. ऑस्ट्रेलियाच्या मंडळानं कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांना १२ महिने, बॅनक्रॉफ्टला ९ महिने बंदी घातली. त्याच वर्षी आयसीसीनं या गुन्ह्याची शिक्षा ६ कसोटींपर्यंत वाढवली.

मधल्या राखाडी पट्ट्यात असतात गोड गोळ्या. साखरेच्या थुंकीनं चमक चांगली येते, अशी जुनी समजूत. जानेवारी २००४ मध्ये ब्रिस्बेनला राहुल द्रविडला बॉलवर खोकल्याची गोळी घासल्याबद्दल निम्म्या मानधनाचा दंड झाला. २०१६ मध्ये होबार्टच्या कसोटीनंतर फाफ डू प्लेसीचं सगळं मानधन गेलं. इंग्लंडच्या मार्कस ट्रेस्कोथिकनं २००५ च्या ॲशेसमध्ये मिंटच्या गोळ्या वापरल्याचं आत्मचरित्रात लिहिलं, तेव्हा मालिका जिंकून तीन वर्षं झाली होती.

थुंकी बंद, थुंकी सुरू

करोनामुळे जून २०२० मध्ये थुंकीवर तात्पुरती बंदी आली, १ ऑक्टोबर २०२२ पासून ती कायम झाली. घाम चालतो. पण घाम पातळ, थुंकी घट्ट, असं गोलंदाज सांगतात. मार्च २०२५ मध्ये बीसीसीआयनं कर्णधारांशी बोलून आयपीएलपुरती ही बंदी उठवली.

एकदिवसीय क्रिकेटमधला बदल याहून मोठा आहे. ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांना वेगळा नवा बॉल असायचा, म्हणजे प्रत्येक बॉल जास्तीत जास्त २५ षटकं जुना. रिव्हर्स जवळजवळ संपलाच. जुलै २०२५ पासून ३४ षटकं दोन बॉल आणि त्यानंतर त्यातला एकच शेवटपर्यंत, असा नियम झाला. अखेरच्या षटकांत गोलंदाजाच्या हातात आता थोडा अधिक झिजलेला बॉल येतो.

पाथर्डीच्या मुरमाड रानावर

लेदर बॉल खेळणाऱ्या मुलांना इथली जमीन अर्धं काम करून देते. मुरमाड, कोरड्या मैदानावर बॉल काही षटकांतच खरखरीत होतो. अडचण अशी की तो दोन्ही बाजूंनी होतो. दोन्ही बाजू सारख्या म्हणजे फरक नाही, फरक नाही म्हणजे स्विंग नाही. म्हणून पहिल्याच षटकात कोणती बाजू जपायची हे ठरवून टाकावं आणि अकरा जणांनी तीच घासावी. शिवण उभी ठेवून टाकणं त्याहून महत्त्वाचं. ती हवेत भोवऱ्यासारखी डगमगली तर कितीही चमक असून उपयोग होत नाही.

ढगाळ हवेत बॉल जास्त वळतो, असं सगळेच म्हणतात. दमट हवा 'जड' असते, हे त्यामागचं नेहमीचं कारण मात्र चुकीचं आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते.

राहिला टेप लावलेला टेनिस बॉल. त्याला ४१.३ लागू नाही. स्पर्धेचे आयोजक पट्टी कुठे आणि किती गुंडाळायची हे ठरवतात, दोन्ही संघांना तसाच बॉल मिळतो. मध्येच कुणी हळूच पट्टी सोलली, तर काय करायचं हेही नाणेफेकीआधीच ठरवून घेतलेलं बरं.