किल्ल्या माझ्याकडे असतात

माकणीत भाड्याची खोली बघायला आलेला माणूस याच भागातला असेल, तर भाड्याचं नंतर. आधी भिंतीवर हात ठेवून विचारतो, "भिंत कशाची हाय?" बदलीवर आलेले सर, बँकेतले साहेब, दवाखान्यातल्या सिस्टर पाणी, बाथरूम आणि मोबाइलची रेंज विचारतात. इथल्या माणसाला हा प्रश्न 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनं शिकवला. चार वाजायला काही मिनिटं असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराखाली सापडले. जाड भिंती, पण दगड मातीत रचलेले. आणि डोक्यावर मातीचं जड माळवद.

मी गवंडी. पुण्याला, लातूरला, सोलापूरला गेलेल्या लोकांच्या इथल्या खोल्या आणि गाळे सांभाळतो. भाडेकरू बघणं, भाडं पोचवणं, गळती काढणं, सगळं माझ्याकडे. शाळा सुरू होण्याआधी, बदल्यांच्या हंगामात फोन थांबत नाही. त्यातला सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला निरोप म्हणजे, "मामा, जरा रंग मारून घ्या, लोक बघायला येतायत."

एका दोन खोल्यांच्या घराचं असंच झालं. वर स्लॅब, भिंती विटांच्या, बांधकाम फार जुनं नाही. पण खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी जोत्याकडे उतरलेली. मालक पुण्याहून म्हणाले, पुट्टी भरा आणि रंग द्या. मी नाही म्हणालो. भेगेवर आडव्या दोन काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवल्या आणि शेजारी पेन्सिलनं तारीख घातली. भेग जुनी, मेलेली असेल तर काच शाबूत राहते. भिंत अजून चालत असेल तर काच तडकते, कारण तिला ताणणं जमत नाही. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत खालची पट्टी मधोमध तुटली.

आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. इथं स्लॅबच्या पन्हाळाचं पाणी थेट पायाशी पडत होतं, मोरीचंही तिथंच मुरत होतं. म्हणजे घराचा एक कोपरा ओला, बाकीचा कोरडा. पन्हाळाला पाइप जोडून खाली आणला, मोरीचं पाणी लांब काढलं, भिंतीलगत बाहेर उतार देऊन कोबा केला. मग नवी पट्टी लावली. खोली दिवाळीपर्यंत रिकामी राहिली. मालक नाराज होते, तेही साहजिकच. कर्जाचा हप्ता थांबत नाही. मी त्यांना एवढंच म्हणालो, "साहेब, तुमच्या सीएला विचारा." आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा करून उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीवर खर्च करा किंवा करू नका. माझं म्हणणं, ते पैसे भिंतीचे आहेत. बहुतेक मालक ते स्वतःचे समजतात, हेच मला खटकतं.

दिवाळीनंतर एक सिस्टर राहायला आल्या. काच मी काढली नाही. "ही तुटली तर रात्र असो की दिवस, मला फोन करा," असं सांगून किल्ली दिली.

जुनी दगडी घरंही भाड्यानं जातात, गोदामाला किंवा कामगारांना. तिथं मी कडक आहे. भूकंपानंतर बळकटीकरणाची कामं झाली, त्यांत जे शिकवलं तेच आजही करतो: माळवदावरची माती कमी करायची, भिंतीचे आतले-बाहेरचे थर आरपार दगडानं बांधायचे, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्यायचे. हे करायला मालक तयार नसेल, तर त्या घराची किल्ली मी ठेवत नाही.

कागदाचं काम लोकांना कंटाळवाणं वाटतं. मराठवाड्यात आधी 1954 चा हैदराबादचा भाडे कायदा होता, मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तो मुख्यतः शहरांसाठी आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी मी खेड्यातही पाळतो. घर नीट ठेवणं मालकाचं काम, आणि प्रत्येक भाड्याची पावती. अनामत किती, मीटरचं रीडिंग किती, नळ किती, पंखे किती हे भाडेकरूच्या समोर लिहून दोघांच्या सह्या घेतो. अनामत परत देताना होणारी भांडणं यानंच मिटतात.

सिस्टरांच्या घराची काच पुढचा पावसाळा टिकली. मालक दसऱ्याला आले, भेगेवर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "मामा, आता तरी रंग मारू या." मी त्याच आठवड्यात पुट्टी भरली. आता त्यांच्या दुसऱ्या गाळ्याच्या पन्हाळाचं काम काढलंय.