दवाखान्याचे दोन दरवाजे : कोरोनात प्राथमिक आरोग्य केंद्रानं नेमकं काय बदललं?

अमरावती / अकोला : अंग तापलं का सकाळी आरोग्य केंद्रात जायचं, चिठ्ठी काढायची, बाकड्यावर चार जणांच्या जागेत सहा जणांनी बसायचं आन् नंबर आला का डॉक्टरसाहेबांना जीभ दाखवायची. मार्च २०२० पर्यंत गावखेड्यातला दवाखाना असाच चालत होता. एप्रिल २०२० मध्ये अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि हाच बाकडा सर्वांत धोक्याचा झाला.

अडचण साधी होती. एका आरोग्य केंद्राच्या मागं सपाट भागात सुमारे ३० हजार आणि मेळघाटासारख्या आदिवासी भागात सुमारे २० हजार लोकसंख्या असते. तिथंच बाळंतपण, तिथंच बाळाची लस, तिथंच बीपी-शुगरच्या गोळ्या, तिथंच साप-विंचवाचा उपचार. कोरोना आला म्हणून यातलं काहीच थांबणार नव्हतं. पण तापाचा माणूस आणि नऊ महिन्यांची गरोदर बाई एकाच बाकावर बसवणंही शक्य नव्हतं.

म्हणून दवाखान्याचे दोन भाग झाले. ताप, सर्दी, खोकला असणाऱ्यांची तपासणी वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. जिथं इमारत लहान, तिथं अंगणात मंडप टाकून नाहीतर झाडाखाली टेबल मांडून तापाचे रुग्ण पाहिले गेले. दारातच तापमान पाहायचं, हात धुवायला लावायचं आणि मग कोणत्या बाजूला जायचं ते सांगायचं. लोकांना तेव्हा हे अपमानाचं वाटलं. 'डॉक्टर दुरूनच पायते, हातबी लावत नाही,' अशी तक्रार पारावर सर्रास होती. पण डॉक्टर नाहीतर सिस्टर आजारी पडली तर अख्खा दवाखानाच बंद पडणार होता. बदली माणूस आणायचा कुठून?

दुसरा बदल गोळ्यांचा. बीपी, शुगरच्या रुग्णानं दर महिन्याला दवाखान्यात येणं म्हणजे गर्दीत येणं. केंद्र सरकारनं एप्रिल २०२० मध्येच सूचना काढली, की अशा नोंदणी असलेल्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधं द्यावी. आशाताई आणि उपकेंद्राच्या मार्फत ती घरपोच करायचाही मार्ग ठेवला. म्हाताऱ्या माणसाची बसची धावपळ वाचली, अन् तशीही बस बंदच होती. पण यात एक खोट राहिली. गोळ्या पोचल्या, पण बीपी मोजायचं यंत्र प्रत्येक वेळी पोचलं नाही. तीन महिने एकच गोळी चालू आणि आतून बीपी वाढत राहिला तर ते कळणार कसं?

तपासणीचं तर वेगळंच रामायण. सुरवातीला नमुने नागपूरला जायचे आणि अहवाल यायला दिवस लागायचे. पुढे अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीत संत गाडगेबाबा विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा जरा सोय झाली. नंतर अँटिजन तपासणी आली, जिचा निकाल अर्ध्या तासात कळतो. मात्र ती निगेटिव्ह आली आणि लक्षणं तशीच असली, तर आरटीपीसीआर करावीच लागते. हे अनेकांना शेवटपर्यंत समजलं नाही. निगेटिव्ह कागद खिशात घालून लोक लग्नाला गेले.

सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दवाखानाच दारात आला. पथकं घरोघरी फिरली आणि ताप व ऑक्सिजन मोजू लागली. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर गावानं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्याचं महत्त्व असं, की कोरोनात काही जणांचा ऑक्सिजन दम न लागताच उतरत होता. माणूस ओट्यावर बसून बोलत असायचा आणि आकडा ८८. म्हणून सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा मोजायचं. आकडा ९३ च्या खाली गेला नाहीतर चालल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला, तर १०८ बोलवायची. बोटाला मेंदी, नेलपॉलिश असेल किंवा हात थंड पडला असेल तर आकडा चुकतो, हे आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट राज्यात सर्वांत आधी आपल्याकडेच भडकली. अमरावती शहर, अचलपूर, तसंच अकोला, अकोट, मूर्तिजापूर इथं पुन्हा कडक बंदी लागली. यावेळी रोग शहरातच थांबला नाही, गावात शिरला. एका खोलीच्या घरात घरी विलगीकरण म्हणजे फक्त नावाचं. तेव्हा गावातल्या शाळांमध्ये विलगीकरणाची सोय करण्यावर भर आला.

त्याच केंद्रांवर मार्चपासून ज्येष्ठांच्या लसीकरणाचा भार पडला. लस २ ते ८ अंशातच ठेवावी लागते. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे आणि कुपी फोडल्यावर ते चार तासांत वापरावे लागायचे. म्हणूनच 'दहा जण जमू द्या' असं सिस्टर म्हणायच्या. त्यात टाळाटाळ नव्हती. धारणी, चिखलदऱ्यात तर लस घेतली का माणूस मरतो अशी अफवा होती. तिथं मराठीतल्या पत्रकांपेक्षा कोरकूत बोलणारा माणूस जास्त कामी आला.

ही सगळी यंत्रणा ज्यांच्या पायांवर चालली त्या आशाताईंना १५ जून २०२१ पासून संपावर जावं लागलं. आठवडाभरानं दरमहा हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता यावर तोडगा निघाला. उन्हातान्हात घरोघर फिरल्याचा हा मोबदला कमी का जास्त, ते वाचकांनीच ठरवावं.

या सगळ्यात एक आजार मागं पडला, तो टीबी. खोकला दोन्हीकडे सारखाच. लोक कोरोना निघेल या भीतीनं खोकला लपवत होते आणि तपासणीची यंत्रं, माणसं कोरोनाच्या कामाला लागली होती. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख टीबी रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. रोग काही एका वर्षात एवढा कमी होत नसतो. हे रुग्ण घरातच खोकत राहिले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं असं घरात कोणाला असेल, तर बेडक्याची तपासणी आणि टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात आजही मोफत मिळतात.