पदविका मिळाली, तरी अभ्यास चालूच
एक्स-रे काढताना लेकराच्या ओटीपोटावर शिशाचे आवरण ठेवले नाही, की आपण घाबरतो. तंत्रज्ञांनाही वर्षानुवर्षे तेच शिकवले गेले. मात्र २०१९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने ही सरसकट पद्धत थांबवण्याची शिफारस केली. आवरण सरकले तर तपासायचा भागच झाकला जातो आणि किरणांची मात्रा स्वतः ठरवणारे यंत्र उलट ती वाढवते. जुन्या पदविकेवर विसंबलेल्या तंत्रज्ञाला हे कळणार कसे? ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरना दर २ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना आपण शिकत असल्याची ग्वाही द्यावी लागते. आपल्या घरातील मुले-मुली या क्षेत्रात असतील, तर नोकरी लागल्यावरही त्यांच्या अभ्यासासाठी आपण घरात थोडा निवांत वेळ राखून ठेवू या.