कडू रेणू नेमका बसतो कुठे?

आपल्याकडे कडू चव ओळखणारे ग्राही जेमतेम २५ प्रकारचे. कडू रेणू मात्र हजारो. एकाच ग्राहीत इतके वेगवेगळे रेणू मावतात कसे, हे बरीच वर्षं संगणकावरच ताडून पाहावं लागलं. ग्राहीची रचना ठाऊक नव्हती, म्हणून दूरच्या नात्यातल्या प्रथिनांवरून प्रतिकृती बांधायची, तिच्या खाचेत रेणू फिरवून-वळवून बसवायचा आणि पकड किती घट्ट जमते याचा हिशेब मांडायचा. २०२२मध्ये कुचल्याच्या बियांतल्या स्ट्रिक्नीनसह टीएएस२आर४६ या कडू ग्राहीची प्रत्यक्ष रचना हाती आली. २०२४मध्ये टीएएस२आर१४ या दुसऱ्या ग्राहीनं तर चकितच केलं: नेहमीच्या खाचेत कोलेस्टेरॉल ठाण मांडून, आणि कडू रेणू पेशीच्या आतल्या बाजूला! मुलं थुंकून टाकतात त्या औषधांचा कडूपणा झाकणारे रेणू शोधताना आता या दोन्ही जागा तपासायला हव्यात.