कोकणाच्या पोटात

‘आम्ही कोकणात मोडतो का हो?’ उल्हासनगरच्या एका वाचकाचा प्रश्न. मोडता की! समुद्र दिसत नाही म्हणून काय झालं? कोकणपट्टी साधारण 30 ते 60 किलोमीटर रुंद, पण उल्हासच्या खोऱ्यात ती 100 किलोमीटरपर्यंत सुटते. तुम्ही तिच्या पोटातच राहता.

भूगोलाच्या पुस्तकातलं ‘किनारी मैदान’ मला कधीच पटलं नाही. आपल्या लोकांची वाटणी जास्त नेमकी आहे. समुद्रालगतची सखल ती खलाटी, सह्याद्रीच्या पायथ्याची उंचसखल ती वलाटी. राजमाचीच्या डोंगरात उगवलेली उल्हास कर्जत, बदलापूर करत वलाटीतून उतरते आणि कल्याणला तिला खाडीची भरती भेटते.

खरी गंमत जमिनीखाली आहे. माथेरानचे लाव्हाचे थर बघा, जवळजवळ आडवे. तेच थर मुंबईच्या टेकड्यांत पश्चिमेला कललेले. घावनांची चळत परातीच्या काठावर ठेवली की बाहेरची बाजू खाली वाकते, तसं काहीसं इथे घडलं. हाच ‘पनवेल वक्र’. पण बेसाल्ट काही घावनाइतका मऊ नाही, तो उल्हासनगरच्या पकवानासारखा तडकतोही. म्हणून या पट्ट्यात भेगा फार. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं याच पट्ट्यातली.

या वक्रावर 1949 मध्ये लिहिणारे भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन आज कुणाला आठवतात? डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीचे ते थोरले भाऊ. धाकट्यानं चुनखडीवर कविता लिहून नाव मिळवलं, थोरल्याच्या वाट्याला आपला काळा पाषाण आला! कल्याण कॅम्पचं ‘उल्हासनगर’ झालं तेही 1949 मध्येच.

पावसाळ्यात हा भूगोल घरात शिरतो. घाटाखाली पाणी झपाट्यानं उतरतं, मग उतार एकदम मंदावतो. त्यात पुढे खाडीला भरती असेल तर पाण्याला वाटच मिळत नाही. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून जास्त प्रवाशांसह पुरात अडकली होती. बातम्यांना अशा वेळी लगेच ढगफुटी आठवते, उतार कुणालाच आठवत नाही.

कर्जत लोकलमध्ये उजवीकडची खिडकी मिळाली, तर वांगणी सोडल्यावर मोबाइल खिशात ठेवा. नेरळपर्यंत माथेरानचे थर मोजता येतात.