बर्मा ऑइल कंपनीचा उदय व अस्त

आमच्या जतच्या कोरड्या मुलुखात विहीर खणणे किती अनिश्चित, हे विद्यार्थ्यांस सांगावयास नको. तेलविहिरीचेही तसेच आहे. १८८६ साली ग्लासगो येथे निघालेल्या बर्मा ऑइल कंपनीने ब्रह्मदेशात तेल काढिले. तिच्याच द्रव्याने १९०८ साली इराणातही तेल लागले. १९२८ पासून बर्मा-शेलचे रॉकेल हिंदुस्थानात विकले जाऊ लागले. १९४२ साली जपानी सैन्य चालून येताच ब्रह्मदेशातील विहिरी निकामी कराव्या लागल्या. तरी कंपनी तगली. पुढे मात्र तिने मोठे कर्ज काढिले व पुढील नफ्याच्या भरवशावर तेलवाहू जहाजे भाड्याने धरिली. १९७४ साली जहाजांचा धंदा बसला, तारण समभागांची किंमत उतरली आणि बँक ऑफ इंग्लंडला धावून यावे लागले. २००० साली उरलेली कंपनी बीपीने विकत घेतली. पाणी लागण्यापूर्वी त्या पाण्यावर दुसरे ऋण काढू नये, हे आमचे शेतकरी पालक जाणतातच.