बेलापूरच्या खाडीवरचा हबशी बुरूज

पामबीच रस्ता बेलापूरला जिथे संपतो, तिथे नवी मुंबई महापालिकेचे भव्य घुमटाचे मुख्यालय आहे. त्याच्या पत्त्यात ‘किल्ले गावठाण’ असे लिहिलेले असते. इथे खरोखरच एक किल्ला आहे आणि तो या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर आहे, हे मात्र शहरातल्या पुष्कळांच्या गावीही नसते. गोवर्धनी मातेच्या देवळाच्या परिसरात, झाडीत, जुना बुरूज आणि तटाचे काही अवशेष अजून तग धरून आहेत.

नवी मुंबई म्हणजे १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर वसलेले शहर, असे आपण सहज बोलून जातो. आगरी-कोळ्यांची गावठाणे त्याच्या कितीतरी आधीची आहेत आणि हा किल्ला तर थेट सोळाव्या शतकात नेतो. १५६० ते १५७० या दशकात सिद्दींनी तो बांधला, असे मानले जाते. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून, मुख्यतः आजच्या इथिओपियाच्या बाजूने आलेले हबशी. म्हणजे या शहराच्या जुन्यात जुन्या बांधकामांपैकी एक आफ्रिकी मुळांच्या लोकांनी उभारलेले आहे. शहराने ही गोष्ट अभिमानाने सांगायला हवी.

जागा त्यांनी अचूक हेरली होती. पनवेलची खाडी ठाण्याच्या खाडीला मिळते, तो भाग इथून नजरेच्या टप्प्यात येतो. पनवेल बंदरातला माल बोरघाट चढून देशावर जाई. या टेकडीवर ज्याच्या तोफा, त्याची त्या व्यापारावर नजर. म्हणूनच किल्ल्याचे धनी बदलत राहिले. १६८२ मध्ये तो पोर्तुगिजांकडे गेला. पुढे १७३०च्या दशकात चिमाजी आप्पांच्या काळात मराठ्यांनी तो जिंकला. किल्ला हाती आला तर अमृतेश्वराला बेल वाहीन, असा नवस आप्पांनी केला होता आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडले, अशी कथा इथे सांगतात. त्याआधी या भागाला शहाबाज म्हणत. त्या नावाचे गाव आजही बेलापुरात आहे. १८१७ मध्ये कंपनी सरकारने किल्ला घेतला आणि त्याची बरीच पाडापाड केली.

पण हबशी इथवर पोचले कसे? अरब व्यापाऱ्यांची गलबते मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रातून कोकण-गुजरातच्या बंदरांत येत. घोडे आणि हस्तिदंताबरोबर त्यांत विकायला आणलेली माणसेही असत. काही हबशी व्यापारी आणि खलाशी म्हणूनही आले. दख्खनच्या सुलतानांना असे सैनिक हवे असत, कारण त्यांना इथल्या सरदारघराण्यांच्या भाऊबंदकीत रस नसे. गुलाम म्हणून आलेला माणूस तलवारीच्या आणि बुद्धीच्या जोरावर वजीर होऊ शकत होता. मलिक अंबर हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. लहानपणी विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१०च्या सुमारास खडकी हे शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. तिथे नहर खोदून पाणी आणले, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि १६२४ मध्ये भातवडीला मोगल-आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते.

कोकणातल्या सिद्दींचे मुख्य ठाणे जंजिरा. त्यांच्याशी मराठ्यांचे हाडवैर होते, यात शंका नाही. संभाजी महाराजांनी तर राजपुरीच्या बाजूने खाडी बुजवून जंजिऱ्यापर्यंत पोचण्याचा प्रयत्न केला होता. तो समुद्रकोट शेवटपर्यंत अजिंक्य राहिला आणि संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. पण या वैरामुळे आपल्या मनात सिद्दी फक्त शत्रू म्हणून उरला. सिद्दी जोहरचा पन्हाळ्याचा वेढा आपल्याला पाठ असतो. तो वेढा फोडण्यासाठी शिवाजी महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल आठवत नाही. पन्हाळ्याच्या तटाबाहेर दोन्ही बाजूंना हबशी सरदार होते, हे शाळेत शिकवले तर मुलांना इतिहास अधिक खरा कळेल.

सिडकोने किल्ल्याच्या संवर्धनाचे काम हाती घेतले आहे, ही चांगली गोष्ट. मात्र दगड सांधून भागणार नाही. बुरुजाशी मराठीत एक ठळक फलक हवा आणि त्यावर बांधणाऱ्यांचे मूळही लिहिलेले हवे. आज या शहरात आफ्रिकी देशांतले लोक राहतात. त्यांच्याकडे संशयाने पाहणाऱ्या शेजाऱ्यांनीही तो फलक वाचायला हवा.

किल्ला बघायला बेलापूर स्थानकावरून रिक्षाने जाता येते. पावसाळ्यात झाडी माजते, म्हणून हिवाळा बरा. पुढचा धागा पकडायचा असेल तर मुरूडला जंजिरा पाहून थेट परत फिरू नका. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दींच्या दगडी कबरींच्या भव्य वास्तू आहेत. त्यांतली एक सिद्दी कासिम ऊर्फ याकूतखानाची आहे, ज्याने १६८९-९० मध्ये इंग्रजांच्या मुंबईला वेढा घालून त्यांना कोटात कोंडले होते. खोकरीच्या जाळ्यांचे कोरीवकाम सकाळच्या उन्हात सावकाश पाहावे.